प्रथम मॅरॅथॉनचा संकल्प

कोणत्याही कार्याचे नैतिक मूल्य त्याच्या भव्यतेवरून ठरत नाही. ते कार्य कोणत्या बुद्धीने आरंभिले, यावरून ठरते. हा सिद्धांत तोंडाने सर्वच जण मान्य करतात. परंतु तो नित्याच्या व्यवहाराला लावून पाहण्याचा प्रसंग आला म्हणजे त्यातील अवघडपणा प्रत्ययास येतो. असा एक प्रसंग अलीकडे पुष्कळ घरांतून उद्भवत आहे. शाळा सोडल्यापासून ज्याने कधी धाव घेतली नाही, ज्याचा दिवस खुर्चीवर आणि संध्याकाळ गाडीच्या गर्दीत जाते, असा चाळिशी ओलांडलेला गृहस्थ एके दिवशी निश्चय करतो की, येत्या वर्षी आपण मॅरॅथॉन धावावयाची. या निश्चयात तप आहे की केवळ अभिमान? ज्याच्यावर इतरांचा भार आहे, त्याला असा संकल्प करण्याचा अधिकार आहे काय? प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही.

मॅरॅथॉन ही ४२ किलोमीटर १९५ मीटर अंतराची शर्यत होय. इ. स. पू. ४९० मध्ये मॅरॅथॉनच्या रणभूमीवरून अथेन्स नगरापर्यंत विजयाची वार्ता घेऊन धावलेल्या आणि ती सांगताच गतप्राण झालेल्या दूताची एक कथा आहे. तिच्या स्मरणार्थ १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ही शर्यत सुरू झाली. आजचे अंतर प्रथम १९०८ साली लंडन येथे धावले गेले आणि १९२१ साली ते कायम झाले. जगातील उत्तम धावपटू ते सव्वादोन तासांच्या आत पार करतात. नवशिक्याला पाच, कधी सहा तासही लागतात. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, या शर्यतीच्या मुळाशी असलेली कथा मृत्यूची आहे. त्या दूताने प्राण वेचले ते नगरासाठी. आजचा गृहस्थ धावतो तेव्हा कोणतेही नगर त्याच्या वार्तेची वाट पाहत नसते. म्हणूनच आपण कशासाठी धावतो, हे त्याने स्वतःला विचारणे अगत्याचे ठरते.

काही विचारी माणसे येथेच आक्षेप घेतात. त्यांचे म्हणणे असे की, ज्याच्या शिरावर वृद्ध मातापिता, पत्नी आणि मुले यांची जबाबदारी आहे, त्याने कोणाच्याही उपयोगी न पडणाऱ्या श्रमात महिनेच्या महिने घालवावेत, हा देहाचा लाडच होय. आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाही. तथापि देहाकडे दुर्लक्ष करणे म्हणजे देहासक्ती सोडणे नव्हे. एक जिना चढताना ज्याला धाप लागते, त्या गृहस्थाला देहाचा विसर पडलेला नसतो. उलट देहच त्याला घटकोघटकी आपली आठवण करून देत असतो. नियमित श्रमाने रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोका घटतो, हे वैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे. परंतु येथे प्रामाणिकपणाही पाहिजे. आरोग्यासाठी आठवड्यातून दीडशे मिनिटे भरभर चालणे पुरेसे होते. त्यासाठी ४२ किलोमीटरांची आवश्यकता नाही. तेव्हा आरोग्याचे कारण पुढे करून या संकल्पाचे पूर्ण समर्थन होत नाही. वर उरणाऱ्या अंतराचे उत्तर गृहस्थाला दुसरीकडे शोधावे लागते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात सात्त्विक, राजस आणि तामस कर्माचे विवेचन आहे. तामस कर्माविषयी तेथे जे सांगितले आहे, त्याचा आशय असा की, पुढील परिणाम, होणारी हानी, घडणारी पीडा आणि आपले सामर्थ्य यांचा विचार न करता केवळ मोहाने जे आरंभिले जाते, ते तामस होय. यावरून पाहता धावणे हे स्वभावतः सात्त्विकही नव्हे आणि तामसही नव्हे. आरंभापूर्वी हे चार विचार झाले की नाहीत, यावर ते अवलंबून आहे. नवशिक्या धावकाच्या संकल्पाला याहून चांगली कसोटी सापडणे कठीण आहे.

प्रथम सामर्थ्याचा विचार. नव्याने धावू लागलेल्या मनुष्याचे हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच सुधारू लागतात. धाप कमी होते, उत्साह वाढतो आणि आपण आता कितीही धावू शकू, असे त्याला वाटू लागते. परंतु हाडे, स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे आणि सांधे बळकट होण्यास कित्येक महिने लागतात. बहुतेक नवशिके जायबंदी होतात ते या दोहोंमधील अंतरात. त्यांचा श्वास पुढे गेलेला असतो आणि पाय मागे राहिलेले असतात. म्हणून जाणते शिक्षक आधी काही महिने चालण्याची व हलक्या धावण्याची सवय लावतात आणि त्यानंतर चार-पाच महिन्यांचा मुख्य अभ्यास सांगतात. आठवड्यातून तीन-चार दिवस धावणे, बोलता येईल इतकीच गती ठेवणे, एकच लांब धाव हळूहळू तीस किलोमीटरांपर्यंत नेणे, मधूनमधून एखाद्या आठवड्यात श्रम कमी करणे, आणि शर्यतीपूर्वीच्या दोन-तीन आठवड्यांत अंतर उतरवीत आणणे, असा तो क्रम असतो. चाळिशीनंतर, किंवा रक्तदाब, मधुमेह वा छातीत दुखण्याचा पूर्वेतिहास असल्यास, आधी वैद्यकीय तपासणी करून घेणे हे भित्रेपणाचे लक्षण नव्हे. तो सामर्थ्याच्या विचाराचाच भाग आहे.

हा विचार सुटला म्हणजे काय होते, याचे उदाहरण १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये घडले. त्या दिवशी ऊन कडक होते. पोर्तुगालचा तरुण धावपटू फ्रान्सिस्को लाझारो याने उन्हापासून रक्षण व्हावे म्हणून अंगाला मेणाचा लेप लावला होता, असे सांगतात. लेपाने घामाची वाट अडली. तो वाटेत कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्याच्या धैर्यात काही उणे नव्हते. परंतु देहाला घाम येणे ही देहाची दुर्बलता नसून त्याची संरक्षक व्यवस्था आहे, हे न ओळखता त्या व्यवस्थेवरच मात करण्याचा प्रयत्न झाला. इच्छाशक्तीच्या स्तुतीत गुंग झालेल्या प्रत्येकाने हे उदाहरण स्मरणात ठेवावे.

दुसरा विचार हानीचा. येथे हानी प्रामुख्याने वेळेची आहे. लांब धाव रविवारी पहाटे होते. ती तीन-साडेतीन तासांची असते आणि त्यानंतरची दुपार झोपेत जाते. ज्या घरात रविवार हाच सर्वांनी एकत्र बसण्याचा दिवस, तेथे असे वीस रविवार खर्ची पडतात. हा खर्च गृहस्थ एकटा करीत नाही. तो घराच्या ठेवीतून करीत असतो. ठेव सर्वांची असेल, तर खर्चाची संमतीही सर्वांची असली पाहिजे.

येथूनच तिसरा विचार, पीडेचा, निघतो. पती पहाटे धावावयास जातो तेव्हा दूध कोण घेते, आईला औषध कोण देते, मुलाचा डबा कोण भरते? उत्तर प्रत्येक घराला ठाऊक आहे. एकाचे तप दुसऱ्याच्या मुकाट कष्टावर उभे असेल, तर त्या तपाचे पुण्य कोणाच्या खाती जमा होईल? यास्तव हा संकल्प कचेरीतील मित्रांपुढे बोलून दाखविण्याआधी घरात विचारला पाहिजे. तो सांगावयाचा नसून विचारावयाचा आहे, हा भेद महत्त्वाचा आहे. याच न्यायाची दुसरी बाजूही आहे. हा संकल्प घरातील गृहिणीने केला, तर तिची पहाट मोकळी व्हावी म्हणून पतीने चुलीपाशी उभे राहावयास हवे. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरॅथॉन १९८४ साली लॉस एंजेलिस येथे प्रथम झाली. तोवर हे अंतर स्त्रीच्या देहाला झेपणार नाही, असे मानणारे कमी नव्हते. ते अंतर तिला झेपत होते. तिला अनुज्ञा तेवढी नव्हती. घरोघरी आजही हाच प्रकार पाहावयास मिळतो.

चौथा विचार परिणामाचा. शर्यतीच्या दिवशी सर्व काही मनासारखे होईलच, असे नाही. त्या एका दिवशी ताप येऊ शकतो, पाऊल मुरगळू शकते, घरात कोणी आजारी पडू शकते. तेव्हा संकल्प व्यर्थ गेला काय? ज्याने केवळ पदकासाठी अभ्यास केला, त्याच्या दृष्टीने तो निश्चितच व्यर्थ गेला. ज्याने अभ्यासालाच संकल्प मानले, त्याच्या पहाटेच्या शंभर धावा कोणीही हिरावून घेऊ शकत नाही. वर सांगितलेल्या स्टॉकहोमच्या शर्यतीतच जपानचा शिझो कानाकुरी उन्हाने ग्लानी येऊन वाटेत थांबला आणि शर्यत पुरी न करता मायदेशी परतला. ती नामुष्की त्याला लागलीच असेल. परंतु त्याने धावणे सोडले नाही. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये तो पुन्हा मॅरॅथॉन धावला. याच शर्यतीत बेळगावचे फडेप्पा चौगुले भारताकडून धावून एकोणिसावे आले. कानाकुरीने पुढे आपल्या देशात धावपटूंच्या पिढ्या घडविल्या, आणि १९६७ साली, पंचाहत्तराव्या वर्षी, स्टॉकहोमला निमंत्रणावरून जाऊन ती अपुरी राहिलेली शर्यत समारंभपूर्वक पूर्ण केली. त्याच्या जीवनाचे सार त्या अंतिम रेषेत शोधणे चुकीचे ठरेल. मधल्या चोपन्न वर्षांत त्याने जे केले, त्यात ते आहे.

दुसरे उदाहरण फौजा सिंग यांचे. पंजाबात जन्मलेले हे शेतकरी १९९४ साली पुत्रवियोगाच्या दुःखाने खचले होते. इंग्लंडमध्ये उतारवयात त्यांनी धावण्याचा आश्रय घेतला आणि २००० साली लंडन येथे पहिली मॅरॅथॉन पूर्ण केली. तेव्हा आपले वय ८९ असल्याचे ते सांगत. २०२५ साली त्यांचे निधन झाले. शोकाकुल वृद्धाने धावावे, असे कोणत्याही ग्रंथाने सांगितलेले नाही. परंतु ज्या मनाला दिवसच नकोसा झाला होता, त्याला पहाटे उठण्याचे एक कारण मिळाले. ४२ किलोमीटरांतील जो भाग आरोग्याच्या हिशेबात बसत नाही, त्याचे उत्तर कदाचित हेच असेल. दीर्घकाळ, अल्प अल्प, कंटाळा येऊनही एखादी गोष्ट करीत राहण्याची विद्या मनुष्याला कोठे ना कोठे शिकावीच लागते. जो ती धावण्याने शिकला, तो ती रुग्णसेवेतही वापरू शकतो आणि मुलाच्या शिक्षणातही.

यावर एक व्यावहारिक शंका उरते. देह थांबण्यास सांगतो तेव्हा तो आळस की खरी सूचना, हे ओळखावे कसे? अनुभवी धावकांचे सांगणे असे की, आळस बहुधा धावण्यापूर्वी येतो आणि पहिल्या दहा मिनिटांत विरून जातो. खरी सूचना धावताना येते, शरीराच्या एकाच ठिकाणी येते आणि पावलागणिक वाढते. पहिल्याचे ऐकू नये. दुसऱ्याचे ऐकलेच पाहिजे. छातीत दडपण, भोवळ किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी काही जाणवताच थांबून साहाय्य घ्यावे; तेथे विचार करीत बसू नये. वेदनाशामक गोळी घेऊन सूचनेचे तोंड बंद करणे, किंवा भयाने गरजेपेक्षा फार पाणी पिऊन रक्तातील क्षार विरळ करून घेणे, या दोन्ही गोष्टींनी गंभीर अपाय होतो. निग्रह म्हणजे बहिरेपणा नव्हे.

तेव्हा ज्या गृहस्थाच्या मनात हा संकल्प उठला असेल, त्याने तो दडपण्याचे कारण नाही. परंतु तो लगेच जाहीर करण्याचेही कारण नाही. आधी दोन महिने कोणास न सांगता नेमाने चालावे व धावावे. ही दोन महिन्यांची पहाट कोणी पाहिली नाही, कोणी वाखाणली नाही, तरी ती हवीशी वाटली, तर संकल्प खरा आहे असे समजावे. नंतर वैद्याला विचारावे, घराला विचारावे आणि मग शर्यतीत नाव नोंदवावे. याउलट, कोणी पाहत नसताना पाय उचलेनासे झाले, तर तेही ज्ञानच आहे. अशा मनुष्याने रोज अर्धा तास चालून आपला देह नीट राखावा आणि उरलेला वेळ ज्यांचा आहे त्यांना द्यावा. त्यात त्याचे काहीही उणे होत नाही.