कौतुकाने ऋण फिटते काय?



नोव्हेंबर महिना आपण मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवतो. २ तारखेला कबरींवरचे गवत काढतो, मेणबत्त्या लावतो आणि मिस्सासाठी आपापल्या माणसांच्या नावांची यादी देतो. यंदाची यादी वाचताना एका नावापाशी आम्ही थांबलो. त्या नावाचे आम्ही काही देणे लागतो. ते या पानावर थोडेफार फेडण्याचा आमचा विचार आहे.

ती आजी आपल्याच धर्मग्रामातली, ढोकीच्या शिवारात आयुष्य काढलेली. तिचे नाव आम्ही लिहीत नाही, घरच्यांचीही तशीच इच्छा आहे. वय ऐंशीच्या घरात होते. तिच्या दफनविधीच्या वेळी आम्ही जो उपदेश केला, तो तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकला आहे. ती पहाटे चारला उठे. जात्यावर दळून, भाकरी थापून, डोक्यावर पाटी घेऊन दिवस उगवायला शेतात असे. खुरपणी, ज्वारीची काढणी, कणसांची मोडणी, कडब्याच्या पेंढ्या बांधणे, पुन्हा घरी येऊन धारा काढणे, हे सगळे आम्ही सांगितले. १९७२ च्या दुष्काळात ती कडेवर लेकरू घेऊन खडी फोडायला गेली आणि सुकडी नि मिलो ज्वारीवर घर जगवले, हेही सांगितले. शेवटी आम्ही म्हणालो, "एवढे सोसले, पण या माउलीने कधी कुरकूर केली नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. आम्हालाही उपदेश बरा झाला असे वाटले.

दफनानंतर तिची मधली लेक आमच्याजवळ आली. रडून तिचे डोळे सुजले होते. ती म्हणाली, "फादर, राग धरू नका. पर माय कुरकूर करत नव्हती, हे खरं न्हाई. लई करायची. ऐकायला कोन बसत नव्हतं."

मग तिने सांगितले, ते असे. विहिरीजवळ त्यांचा वीस गुंठ्यांचा एक तुकडा होता. आईने तो घरात मागितला होता. त्यात तिला थोडी ज्वारी, मूग, चवळी, मेथी, गवार असे घरच्या खाण्यापुरते लावायचे होते. पण तेरणा कारखाना जवळ, उसाचा पैसा डोळ्यांसमोर. तिथे ऊसच लागला. तिने पुन्हा विचारले तेव्हा पुरुषमाणसे हसली. बाईला शेत कशाला पाहिजे, सगळे शेत तिचेच की! पुढे कारखाना कित्येक वर्षे बंद पडला, ऊस गेला, विहिरीचे पाणीही खोल गेले. तो तुकडा तिला कधी मिळाला नाही. सातबारावर तिचे नाव लागले ते नवरा वारल्यावर, विधवा म्हणून.

लेक म्हणाली, "हे लिहा फादर, नाव घालू नका." म्हणून लिहितो आहोत.

त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनातून जात नाही. कष्टाने झिजलेल्या बाईचे आपण मेल्यावर तोंडभर कौतुक करतो, तेव्हा ते कोणासाठी करतो? तिच्यासाठी, की आपल्याला हलके वाटावे म्हणून? 'तिने कधी काही मागितले नाही' असे म्हटले की आपण काही दिले नाही याचा जाब आपोआप मिटतो. आम्ही केलेला तो उपदेश खोट्या हेतूने केलेला नव्हता. पण तो खराही नव्हता. तिचे एक मागणे होते, आणि आम्ही ते तिच्याबरोबर पुरून टाकले.

संत थॉमस अक्वायनस यांनी न्यायाची साधी व्याख्या स्वीकारली आहे: ज्याचे जे आहे ते त्याला देण्याची स्थिर इच्छा म्हणजे न्याय. पुढे ते असेही सांगतात की काही ऋणे अशी असतात की ती सारख्याला सारखे देऊन फेडता येत नाहीत. देवाचे ऋण तसे आहे, आईबापांचेही तसेच आहे. सेमिनरीत हे शिकताना आम्हाला ते फार सुंदर वाटले होते. आज त्यातला धोका दिसतो. 'आईचे ऋण कधी फिटत नाही' असे आपण सगळेच म्हणतो, आणि फिटतच नाही तर फेडायला कशाला बसायचे, असे मनातल्या मनात ठरवून टाकतो. पूर्ण फिटत नाही म्हणून जेवढे फिटण्यासारखे आहे तेवढेही न देणे, ही भक्ती नव्हे. ती पळवाट आहे.

यावर कोणी विचारील, "फादर, आई कधी हिशेब मांडते का? संत पौल सांगतात की प्रीती अपकार मोजून ठेवीत नाही. मग तुम्ही मेल्यानंतर तिचा हिशेब का काढता?" हा प्रश्न योग्य आहे. आम्हीही तो स्वतःला विचारला. आम्हाला वाटते उत्तर असे आहे की हिशेब न ठेवणे हा देणाऱ्याचा गुण आहे. घेणाऱ्याने हिशेब ठेवला नाही तर तो गुण होत नाही, ती बुडवाबुडवी होते. तसेच त्यागाचे. त्याग स्वखुशीने दिला तर तो पवित्र. दुसऱ्याने गृहीत धरून तो घेतला, तर त्याला त्याग हे नाव देण्याचा अधिकार घेणाऱ्याला उरत नाही.

आता पवित्र शास्त्र काढून पाहू. गरीब विधवेने मंदिराच्या भांडारात दोन दमड्या टाकल्या, ही गोष्ट आपल्या सर्वांना तोंडपाठ आहे. तिने आपली सगळी उपजीविका टाकली, असे प्रभू येशू म्हणाले. आम्ही हा उतारा दानाच्या रविवारी कितीतरी वेळा वापरला आहे. पण मार्कच्या शुभवर्तमानातला बारावा अध्याय उघडा आणि या गोष्टीच्या फक्त दोन ओळी आधीचे वाचा. तिथे प्रभू शास्त्र्यांवर संतापले आहेत, कारण ते लांबलचक प्रार्थना करतात आणि विधवांची घरे गिळतात. म्हणजे विधवेचे कौतुक आणि विधवेला लुबाडणाऱ्यांचा धिक्कार एकाच श्वासात येतो. आपण त्यातले कौतुक उचलले आणि धिक्कार तिथेच सोडला.

नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायातली सद्गुणी स्त्रीही अशीच. तिचे वर्णन आपण लग्नात वाचतो. ती रात्र असतानाच उठते, घरच्यांना अन्न देते, तिचा दिवा विझत नाही, इतके आपल्या लक्षात राहते. पण त्याच उताऱ्यात ती एक शेत पाहते, विचार करते आणि ते विकत घेते. आपल्या हातच्या कमाईतून द्राक्षमळा लावते. आणि अध्याय संपतो तो केवळ स्तुतीने संपत नाही. तिच्या हातांचे फळ तिला द्या, असे तिथे सांगितले आहे. आधी फळ, मग वेशीत तिच्या कामांची प्रशंसा. आपण हा क्रम उलटा केला, आणि मग पहिली गोष्ट विसरूनच गेलो.

हे केवळ एका घराचे दुखणे नाही. आपल्या भागातून ऊसतोडीला जाणाऱ्यांचा हिशेब पाहा. नवरा आणि बायको दोघे मिळून 'एक कोयता' धरला जातो. तोडणारे हात चार, मोळ्या वाहणारी डोकी दोन, पण नाव एक आणि उचलही बहुधा नवऱ्याच्या हातात. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमावर जे परिपत्रक काढले, त्याचा गाभाच असा आहे की कामाची किंमत आधी काम करणाऱ्या माणसावरून ठरते, कारण तो माणूस आहे. आईच्या कष्टांची समाजाने नव्याने किंमत करावी, असेही त्यात म्हटले आहे. जिथे काम करणारी मोजलीच जात नाही, तिथे तिच्या कामाची किंमत कशी होणार?

आणि असे नाही की याला काही इलाज नाही. आपल्याच जिल्ह्यात तो झाला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा भूकंप आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावे जमीनदोस्त झाली. त्यानंतरच्या पुनर्वसनात 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या बायांबरोबर काम करू लागली. पुढे दुष्काळाच्या काळात या बायांनी एक साधी गोष्ट केली. घरच्या शेतातला अर्धा किंवा एक एकर आपल्यासाठी मागून घेतला. त्यात नगदी पीक न घेता कमी पाण्यावर येणारी धान्ये, डाळी, भाज्या लावल्या. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आपल्याच मार्गावरून गेली, ती आपण पाहिली. त्याच वर्षी या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

ही बातमी जाणून घेताना आम्हाला विहिरीजवळचे ते वीस गुंठे आठवले. आपल्या आजीने जे मागितले, तेच या बायांनी मागितले होते. ती वेडी नव्हती. तिला शेती कळत होती. आपल्याला ऐकणे कळले नाही.

मात्र एक सावधगिरी घेतली पाहिजे. 'बिचारी, आयुष्यभर नाडली गेली' एवढेच म्हणून आपण थांबलो, तर तिच्यावर दुसरा अन्याय करू. ती बिचारी नव्हती. तिने राखेत घोळून गाडग्यात जपलेले बियाणे अर्धी वस्ती मागून नेत असे. कोणाची सून अडली की रात्री-अपरात्री तिलाच हाक जाई. मे महिन्यात तिच्या अंगणात जपमाळ होई, तेव्हा शेजारपाजारच्या बिगरख्रिस्ती बायाही कडेला येऊन बसत. आणि वेळ अमावस्येला शेजाऱ्यांच्या शेतात भज्जी नि आंबील खायला ती लेकराबाळांसह हक्काने जाई. कोणती आंबील नीट आंबली आहे याचा निवाडा तिच्याकडे असे. ती हसायची, चिडायची, भांडायची आणि भांडण झाल्यावर दुसऱ्या दिवशी वाटीभर कालवण पाठवायची. अशी सबंध बाई आठवली पाहिजे. तिचा आनंद खरा होता आणि तिची तक्रारही खरी होती.

जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी शेतात राबणाऱ्या, अक्षर न शिकलेल्या. १९५१ साली त्या वारल्या आणि पुढच्या वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, ती त्यांच्या घरातल्या मुलांनी वेळीच कान देऊन लिहून ठेवली म्हणून. प्रत्येक घरात कवयित्री नसेल. पण काही सांगणारी बाई मात्र प्रत्येक घरात आहे. कान देणारा हवा.

म्हणून या महिन्यात आमची तुम्हाला, आणि आधी स्वतःला, विनंती आहे. मृतांसाठी मिस्सा सांगाच. पण घरात जी आई, आजी, सासू, बहीण जिवंत आहे तिच्याजवळ एक संध्याकाळ बसा आणि विचारा, "तुला काय पाहिजे होतं, आणि काय मिळालं नाही?" उत्तर मध्येच तोडू नका. घरचा सातबारा काढून पाहा, त्यावर तिचे नाव आहे का. पत्नीचे नाव हयातीतच सहधारक म्हणून लावता येते, त्यासाठी विधवा होण्याची वाट पाहावी लागत नाही. भाऊबीज, राखी आणि माहेरच्या मायेच्या नावाखाली बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवण्याआधी हेही लक्षात असू द्या की आपल्या ख्रिस्ती कुटुंबात कोणी मृत्युपत्र न करता वारले, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे विधवा पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले मुलगे व मुलींना सारखे वाटून जाते. बहीण स्वखुशीने सोडील तर तिची मर्जी. पण ती गप्प बसली म्हणजे तिने होकार दिला, असे धरू नका.

त्या आजीच्या मुलांशी आम्ही बोललो आहोत. काय बोलणे झाले ते त्यांचे त्यांच्यापाशी राहू द्या. आमच्यापुरते एवढे नक्की केले आहे की यापुढे कोणत्याही माउलीच्या दफनविधीत 'तिने कधी कुरकूर केली नाही' हे वाक्य आम्ही उच्चारणार नाही. त्याआधी तिच्या लेकींना विचारू.

आपण प्रार्थना करू या:

हे प्रभो, मातीत राबून आम्हाला वाढवणाऱ्या आणि आता मातीत विसावलेल्या आमच्या मातांना तू चिरशांती दे. त्यांनी जे मागितले आणि आम्ही ऐकले नाही, ते तू ऐकले आहेस. आमचे अपराध क्षमा कर. ज्या अजून आमच्यात आहेत, त्यांच्या हातांचे फळ त्यांच्या हाती देण्याची बुद्धी आम्हाला वेळेत दे. आमेन.

आपले,
धर्मगुरू