नळीचे दुसरे टोक



गेल्या नाताळात माझ्या मावसभावाच्या मुलाने अमेरिकेतून मोबाइलवर एक फोटो पाठवला. तो तिकडे टेक्सास राज्यात नोकरीला आहे. फोटोत स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक काळी रायफल ठेवलेली होती. खाली लिहिले होते, "काका, ही मी स्वतः जोडली. सहा महिने लागले. कशी वाटते?"

त्याने हा फोटो मलाच का पाठवला हे मला कळले. मी आयटीआय झालेला टर्नर. आपल्या भागात वखराची पास, तिफणीचे फण आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग दुरुस्त करण्यात माझे आयुष्य गेले. लोखंडाचे काम दुसऱ्या कोणाला कळो न कळो, काकाला कळेल, असे त्याला वाटले असणार. आणि खरे सांगायचे तर, फोटो मोठा करून पाहिला तेव्हा मला प्रथम आनंदच झाला. सांधे नीट बसले होते. कुठे घाई दिसत नव्हती. दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्या मुलाने संध्याकाळी हाताने काही केले, याचे मला कौतुक वाटले.

मग फोनवर तो भरभरून बोलला. तिकडे हा अनेकांचा छंद आहे. युजीन स्टोनर नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९५०च्या दशकात जी रायफल रचली, तिच्या धर्तीवरचे सुटे भाग दुकानात मिळतात. नळी कोणती, दस्ता कोणता, दुर्बीण कोणती, हे ज्याचे त्याने ठरवायचे आणि आपल्या हाताला व खांद्याला बसेल अशी रायफल जुळवायची. ही अर्धस्वयंचलित असते, म्हणजे चाप एकदा ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप जागेवर येते. सुटीच्या दिवशी मैदानावर जाऊन निशाण्यावर गोळ्या झाडायच्या आणि परत यायचे. "कुणाला त्रास नाही काका. तुम्ही लेथवर वेळ घालवता तसाच हा माझा वेळ."

आपल्याकडे हे चालत नाही, एवढे मला ठाऊक होते. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणे हाच गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. परवाना असलेल्या माणसालाही आता दोनपेक्षा अधिक बंदुका ठेवता येत नाहीत. अमेरिकेत मात्र स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवायला केंद्रीय कायदा परवाना मागत नाही, काही राज्यांचे नियम तेवढे कडक आहेत. घरी जोडलेल्या अनेक बंदुकांवर क्रमांकच नसतो, त्यामुळे गुन्हा घडला तर माग लागत नाही. म्हणून २०२२ मध्ये तिथल्या सरकारने अशा संचांवर नियम घातले आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले.

पण कायदा एका देशात एक आणि दुसऱ्या देशात दुसरा असतो. विवेकबुद्धी मात्र देशाच्या सीमेवर बदलत नाही. माझ्या पुतण्याने कायदा मोडलेला नाही. तरीही प्रश्न उरतो. वस्तू घडवणाऱ्याची जबाबदारी वस्तू पूर्ण झाली की संपते काय?

हा प्रश्न विचारण्याचा मला अधिकार आहे की नाही, हे तुम्ही ठरवा. त्यासाठी माझी एक गोष्ट सांगतो. ती आजवर मी कुणाला सांगितलेली नाही.

आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा संपत आला होता. ओळखीचा एक शेतकरी पोत्यात गुंडाळलेली लोखंडी नळी घेऊन दुकानात आला आणि लेथवर तिचे थोडे काम करून मागू लागला. मी विचारले, "कशाले पायजे?" तो म्हणाला, "डुकरायनं सारं वावर खाल्लं भाऊ. काहीतरी कराव लागते." मी पुढे विचारले नाही. मला समजले होते आणि म्हणूनच मी विचारले नाही. दोनशे रुपये घेतले, काम करून दिले.

सातपुड्याच्या पायथ्याला शेती करणे म्हणजे काय, हे वरवट बकालच्या माणसाला सांगायला नको. कर्ज काढून पेरायचे आणि कापणीच्या तोंडावर एका रात्रीत रानडुकरांनी सारे लोळवायचे. परवानगीशिवाय त्यांना मारायला १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा मनाई करतो. नुकसानभरपाई मिळते, पण तिने गेलेले पीक परत येत नाही. त्या माणसाचा राग खोटा नव्हता. त्या नळीचे पुढे काय झाले ते मला माहीत नाही. कदाचित काहीच झाले नसेल. पण तेव्हापासून पेपरात जंगलाकडेच्या गावी गोळी लागून कोणी मेल्याची बातमी आली, की मी आधी गावाचे नाव वाचतो.

आपल्या उत्तरेला, डोंगरापलीकडे बऱ्हाणपूर जिल्ह्यात पाचोरी नावाचे गाव आहे. गावठी पिस्तुलांच्या बातम्यांत ते नाव तुम्ही अनेकदा वाचले असेल. तिथले शिकलगार हे मूळचे शस्त्रांना पाणी देणारे, धार लावणारे कारागीर. शीख गुरूंच्या सैन्यासाठी आपल्या पूर्वजांनी हत्यारे घडवली, असे ते अभिमानाने सांगतात. इंग्रजांनी १८७८चा शस्त्र कायदा आणला, शस्त्राला परवाना लागू झाला आणि अशा कारागिरांचा धंदा बसला. काही चाव्या-कुलपांकडे वळले, काही भांड्यांकडे. काहींच्या हातातले कसब चोरवाटेने पुन्हा बंदुकीकडे गेले. त्या गावच्या किंवा त्या समाजाच्या प्रत्येक माणसाकडे संशयाने पाहणे हे पाप होईल. पण मला राहून राहून वाटते, की ज्याने ते पिस्तूल घडवले तोही मनात हेच म्हणत असेल, "मी फक्त बनवतो. चालवणारा वेगळा."

मीही दोनशे रुपये खिशात घालताना हेच म्हटले होते.

हे वाक्य पूर्ण खोटे नाही. चर्चच्या नीतिशिक्षणात दुसऱ्याच्या पापातील सहभागाचा विचार फार बारकाईने केलेला आहे. अठराव्या शतकातील संत आल्फोन्सस लिगोरी यांनी त्यावर विस्ताराने लिहिले. दुसऱ्याचा वाईट हेतू मलाही मान्य असेल, तर मी त्याच्याइतकाच दोषी. हेतू मान्य नसताना माझ्या हातून मदत झाली, तर ती मदत त्या कृत्याच्या किती जवळची होती, किती आवश्यक होती आणि ती करण्यामागे माझ्याकडे तेवढे गंभीर कारण होते काय, हे पाहावे लागते. लोखंड विकणारा दूर असतो. नळीवर काम करणारा जवळ असतो. आणि माझे कारण होते दोनशे रुपये व थोडी भीड.

ज्याने जगातली सर्वांत प्रसिद्ध बंदूक रचली, त्यालाही हे वाक्य शेवटपर्यंत पुरले नाही. मिखाइल कलाश्निकोव्ह हा सायबेरियातल्या शेतकऱ्याचा मुलगा. रणगाड्यावरचा हा सैनिक १९४१ मध्ये जखमी झाला. जर्मन सैन्यापासून आपला देश वाचवायचा, या एकाच विचाराने तो शस्त्राच्या रचनेकडे वळला आणि १९४७ची ती रायफल तयार झाली. पुढे ती सैनिकांबरोबरच दहशतवाद्यांच्या आणि लहान मुलांच्याही हातात गेली. पत्रकार विचारत, तेव्हा तो म्हणे की दोष राजकारण्यांचा आहे, मला झोप नीट लागते. त्यापेक्षा शेतकऱ्याच्या उपयोगाचे यंत्र केले असते तर बरे झाले असते, असेही तो बोलून गेला होता. २०१३च्या डिसेंबरात, वयाच्या ९४व्या वर्षी तो वारला. त्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये त्याने रशियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध झाले. आपण बनवलेल्या रायफलीने माणसे मेली, मग ती शत्रूची का असेनात, त्या मृत्यूंचा दोष आपल्यावर येतो काय, असे त्याने कळवळून विचारले होते. देशरक्षणासाठी बनवलेल्या शस्त्राच्या निर्मात्याला चर्चचा पाठिंबाच असतो, अशा अर्थाचे उत्तर चर्चकडून आले. उत्तर दिलासा देणारे होते. पण नव्वदी ओलांडलेल्या माणसाला तो प्रश्न पडला, ही मला त्या उत्तराहून मोठी गोष्ट वाटते.

आता कोणी म्हणेल, मग बंदूक ही वस्तूच पापी आहे काय? तसे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकला, तेव्हा आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. त्या खेळातली रायफलही खेळाडूच्या अंगाला बसेल अशी जुळवलेली असते. पण ती परवान्याखाली असते, तिची नोंद असते, प्रशिक्षक असतो, आणि नळीचे दुसरे टोक सदैव कागदी किंवा विजेच्या निशाण्याकडे असते. तसेच स्वतःच्या व इतरांच्या जिवाचे रक्षण करण्याचा हक्क चर्च नाकारत नाही. मात्र शस्त्रांची निर्मिती आणि विक्री यांचा संबंध सर्वांच्या हिताशी आहे, म्हणून त्यावर नियंत्रण ठेवणे हा सरकारचा हक्क आणि कर्तव्यही आहे, असे आपला धर्मशिक्षणग्रंथ २३१६व्या परिच्छेदात सांगतो. म्हणजे बंदूक ही कुणाची केवळ खासगी वस्तू राहत नाही. घरातली खुर्ची आपण जोडली, तर तिचा संबंध घरापुरता. बंदुकीचा संबंध समोर येईल त्याच्याशी.

आणि समोर कोण येईल? अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे असतात. चोरासाठी किंवा छंदासाठी आणलेले शस्त्र घरातल्याच एखाद्या खचलेल्या माणसाच्या हाती लागते. बनवणाऱ्याने निशाणा कुठेही धरलेला असो, वस्तू त्याच्या मागे उरते. त्याचा राग, त्याची म्हातारपणाची निराशा, त्याचा वयात येणारा मुलगा, रात्री घर फोडणारा चोर, हे सारे तिच्या वाटेवर उभे असतात.

पवित्र शास्त्रात शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात, तेराव्या अध्यायात एक लहानसा उल्लेख आहे. पलिष्ट्यांनी इस्राएलमध्ये एकही लोहार ठेवला नव्हता, कारण लोहार राहिला तर तो तलवारी घडवील. त्यामुळे नांगराचा फाळ धार लावायलाही लोकांना शत्रूच्या दारी जावे लागे. ज्या भट्टीत फाळ तयार होतो, त्याच भट्टीत तलवार तयार होते. यशया तलवारींचे फाळ करण्याचे स्वप्न सांगतो आणि योएलच्या पुस्तकात नेमकी उलटी हाक आहे, फाळांच्या तलवारी करा. लोखंड दोन्ही वेळा गप्पच असते. ठरवतो तो माणूस. आणि दुसऱ्या शतकातले संत जस्टिन लिहितात, की आपला प्रभू नाझरेथला सुतारकी करताना नांगर आणि जू बनवीत असे. माझ्या दुकानात काम करताना मला ही गोष्ट पुष्कळदा आठवते.

पुतण्याने शेवटी विचारले, "मग काका, मी काय करू? मोडून टाकू?"

मोडून टाक, असे मी म्हणालो नाही. सहा महिन्यांची मेहनत मोड, असे एका कारागिराने दुसऱ्याला सांगणे सोपे नसते. आणि दुरून हुकूम सोडण्याइतका मी स्वच्छही नाही. मी त्याला त्या नळीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग मी म्हणालो, "बाळा, रायफल कशी जोडायची याचा तू सहा महिने विचार केलास. ती तुझ्यानंतर कोणाच्या हाती जाईल, तुझ्या घरात सर्वांत दुबळ्या मनाचा माणूस कोण आहे, आणि एखाद्या रात्री तो माणूस तूच असलास तर काय, याचा सहा दिवस तरी विचार कर. तोवर ती कुलपात ठेव. मग तुझे तू ठरव." तो "बरं" म्हणाला. त्याने काय ठरवले ते अजून कळवलेले नाही. मीही घाई केलेली नाही.

माझ्यापुरते मी एक ठरवले आहे. दुकानात कोणी लोखंड घेऊन आला, की मी विचारतो, कशाला पाहिजे? उत्तर पटले नाही तर काम करत नाही. दोन-तीन गिऱ्हाइके त्यामुळे तुटली. एकाने तोंडावर सुनावले, "तुले काय करायचं? तू पैशे घे."

बंधुभगिनींनो, आपण सारेच बंदुका बनवत नाही. पण कोणी खताचे दुकान चालवतो, कोणी सही-शिक्क्याच्या टेबलावर बसतो, कोणी गाडी भाड्याने देतो, कोणी मोबाइलवर आलेला मजकूर पुढे पाठवतो. "मी फक्त एवढेच करतो" हे वाक्य आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. येत्या आठवड्यात ते तोंडी आले, तर क्षणभर थांबून आपल्या हातातल्या कामाचे दुसरे टोक कुणाकडे आहे, एवढे पाहू या. त्या शेतकऱ्याकडेही मला आता जायचे आहे. आठ-नऊ वर्षे उशीर झाला आहे, पण नळीबद्दल विचारायचे आहे. आणि त्याच्या वावराला कुंपण घालायला काही मदत करता येते का, तेही पाहायचे आहे. हे मी त्याच दिवशी विचारायला हवे होते.