हे कुठून आणलंस?

जिल्ह्याच्या गावी बातमीदारी करत होतो तेव्हाची गोष्ट. ऑक्टोबरचा महिना. तालुक्याची पैसेवारी पन्नासच्या वर आल्याची बातमी मी दिली आणि ‘सूत्रांनी सांगितले’ एवढे लिहून मोकळा झालो. तिसऱ्या दिवशी एक वयस्कर शेतकरी अंक घेऊन कार्यालयात आला. चपला दाराबाहेर काढल्या, अंकाची घडी टेबलावर उलगडली आणि माझ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, “बाबा, हे कुठून आणलंस तू? ही नजर पैसेवारी का अंतिम?”

मला उत्तर देता आले नाही. सरकारी कचेरीतल्या एकाने फोनवर आकडा सांगितला होता आणि मी तो उतरवून घेतला होता. पैसेवारी म्हणजे नेहमीच्या पिकाच्या रुपयामागे यंदा किती पैसे पीक आले, त्याचा आकडा. पीक शेतात उभे असताना अंदाजाने काढतात ती नजर पैसेवारी. मग सुधारित, आणि पीककापणीचे प्रयोग झाल्यावर डिसेंबरात अंतिम. मुलांच्या परीक्षा फीपासून कर्जवसुलीपर्यंतच्या सवलती तेव्हा पन्नास पैशांच्या त्या रेषेवर अडकलेल्या असत; आकडा रेषेखाली आला तरच त्या मिळत. म्हाताऱ्याला हे सगळे पाठ होते. माझ्या बातमीत त्यातले काहीच नव्हते, आणि आकडा कुणाचा, हेही नव्हते.

त्याचा प्रश्न मनातून गेला नाही. जुने वाचत गेलो तसे दिसले, की मराठी पत्रकारितेला हा प्रश्न फार लवकर आणि फार महागात पडून भेटला आहे.

‘केसरी’ सुरू झाला 4 जानेवारी 1881 रोजी. वर्ष उलटण्याच्या आतच ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांच्या छळाचा प्रश्न हाती घेतला. रोख होता कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर. आधाराला काही पत्रे होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रे बनावट निघाली. संपादक टिळक-आगरकरांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी खटला थांबला नाही. जुलै 1882 मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी 101 दिवस काढले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकच लिहिले.

आपण ही कथा तेजस्वी संपादकांच्या तुरुंगवासाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. मला मात्र त्यातली पत्रे सोडवत नाहीत. छत्रपतींच्या हालांविषयीची शंका हवेतली नव्हती. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1883 मध्ये, अहमदनगरच्या किल्ल्यात पहारेकरी गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. म्हणजे काळजी खरी होती आणि कागद खोटे होते. खोट्या कागदाने खऱ्या काळजीचीच बाजू लंगडी केली. बातमीदाराला ‘गोष्ट तर खरीच आहे’ असे आतून वाटू लागले, की कागद उजेडात धरून पाहायचा कंटाळा येतो. पैसेवारीच्या वेळी माझेही हेच झाले होते. सरकार दुष्काळ नाकारणार, अशी माझी खात्री होती आणि आलेला आकडा त्या खात्रीत चपखल बसला.

नाव झाकण्याचा प्रश्न वेगळा, आणि तो याहूनही जुना. 1848 पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या सहीने पत्रे येत. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. टोपणनावामागे आडोसा होता, पण पत्रांतला युक्तिवाद उघडा होता. तो पटवून घ्यायला किंवा खोडून काढायला लेखकाचे नाव कळण्याची गरज नव्हती. ‘मंत्रालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याने सांगितले’ या वाक्यात उलटे घडते. तिथे सांगणाराही दिसत नाही आणि सांगितलेले तपासताही येत नाही. वाचकाने नुसता विश्वास ठेवायचा.

धोरणावर लिहिण्याची दुसरी रीत घालून दिली दादाभाई नौरोजींनी. 1876 मध्ये हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचताना त्यांनी सरकारचेच प्रांतवार अहवाल घेतले, पिकांचे उत्पन्न मांडले, भाव लावले, बेरजा केल्या आणि माणशी वर्षाला सुमारे 20 रुपये हा आकडा काढला. तो चुकीचा वाटणाऱ्याला तेच अहवाल उघडून तीच बेरीज करून पाहता येत होती. मला यात फार मोठे धैर्य दिसते. हिशेब उघडा ठेवणे म्हणजे विरोधकाच्या हाती स्वतःला खोडण्याचे साधन देणे.

स्वातंत्र्यानंतर चर्चा वळली ती स्रोताच्या संरक्षणाकडे. 1978 च्या प्रेस कौन्सिल कायद्याने, कौन्सिलपुढच्या कामकाजात पत्रकाराला स्रोत उघड करायची सक्ती करता येणार नाही, असे म्हटले. 1983 मध्ये विधी आयोगाने आपल्या 93 व्या अहवालात याच विषयावर पुराव्याच्या कायद्यात तरतूद सुचवली. ती झाली नाही. न्यायालयासमोर पत्रकाराला असे स्पष्ट वैधानिक कवच आजही नाही. खात्यातला गैरव्यवहार सांगणाऱ्या कनिष्ठ लिपिकाचे नाव पोटात ठेवणे हा आमच्या धंद्याचा धर्म आहे आणि त्यासाठी तुरुंगात जायची वेळ आली तर जावे. पण त्या लिपिकासाठी शिवलेले पांघरूण आम्ही मंत्र्यांच्या खासगी सचिवांनाही देऊ लागलो. ज्याची नोकरी जाणार आहे आणि ज्याला उद्याचा निर्णय आज चाचपून पाहायचा आहे, ते दोघेही आमच्या बातमीत ‘सूत्रे’च.

माहिती अधिकाराने यात मोठा फरक पडला. महाराष्ट्राचा कायदा केंद्राच्या आधीचा, 2002 चा. मग 2005 चा केंद्रीय कायदा. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट चिकटवलेला अर्ज आणि उत्तरात आलेल्या झेरॉक्सच्या पानापानावर जन माहिती अधिकाऱ्याचा शिक्का. तो जांभळा शिक्का पहिल्यांदा हातात आला तेव्हा मला तो म्हातारा आठवला. आता त्याला सांगता आले असते, की हे इथून आणले, हा जावक क्रमांक, तुम्हीही मागवू शकता.

तरीही कागद दाखवला म्हणजे काम संपले नाही, हे 2012 ने शिकवले. राज्याच्या 2011-12 च्या आर्थिक पाहणी अहवालात, पिकांखालच्या एकूण क्षेत्रात ओलिताचे प्रमाण दशकाच्या सुरुवातीला 17.8 टक्के होते आणि 2009-10 मध्ये 17.9 टक्के, असे छापून आले. दहा वर्षांत सुमारे 70 हजार कोटी खर्च आणि सिंचनात 0.1 टक्का वाढ, हे वाक्य गावोगावच्या पारावर पोचले. सरकार हादरले. वर्षाच्या अखेरीस श्वेतपत्रिका निघाली आणि तिच्यात सिंचन 28 टक्क्यांनी वाढल्याचे सांगण्यात आले.

एक दशक, एक राज्य, आणि एकीकडे 0.1 तर दुसरीकडे 28. बहुतेक वाचकांनी ठरवले, की कुणीतरी धडधडीत खोटे बोलते आहे. मुळात दोन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते. पहिला होता एकूण पिकांखालच्या क्षेत्रातला ओलिताचा वाटा, म्हणजे प्रमाणातला फरक. दुसरा होता मूळ आकड्यावर किती टक्के भर पडली त्याचा, आणि तोही पाटबंधारे पाहणाऱ्या खात्याच्या स्वतःच्या हिशेबाने. यामुळे गैरव्यवहाराचा प्रश्न तसूभरही हलका होत नाही, पुढच्या चौकश्या व्हायलाच हव्या होत्या. पण आम्ही पहिल्याच दिवशी पानाचा क्रमांक, कोष्टकाचे नाव, आकडा गोळा करणारे खाते आणि ‘प्रमाण’ या शब्दाचा अर्थ इतके छापले असते, तर श्वेतपत्रिकेला आकड्यांची ती फिरवाफिरव इतकी सोपी गेली नसती. जे आमच्याकडून सांगायचे राहिले, तिथेच सरकारला पाय रोवायला जागा मिळाली. कोल्हापूरच्या पत्रांनी जे शिकवले होते तेच पुन्हा, फक्त या वेळी कागद अस्सल होता.

पैसेवारीच्या त्या बातमीनंतर मी एक सवय लावून घेतली. धोरणाची बातमी लिहिताना प्रत्येक आकड्यासमोर वहीत चार गोष्टी लिहायच्या: कुणी मोजले, कधी मोजले, काय मोजले आणि हे मला कुणी दिले. चौथी कधीकधी छापता येत नाही. पहिल्या तीन न छापायला कारण सापडत नाही. नवे बातमीदार म्हणतात, जागा कुठे आहे? जागा लागते दीड ओळ.

सिंचनाच्या त्या गदारोळानंतर राज्याच्या आर्थिक पाहणीत वर्षानुवर्षे ओलिताच्या त्या प्रमाणासमोर आकड्याऐवजी ‘उपलब्ध नाही’ असे छापून येत राहिले. दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी अहवाल हाती आला, की मी आधी ते कोष्टक उघडायचो. आमच्यातल्या फार थोड्यांनी त्या दोन शब्दांची बातमी केली.