घाटकोपरला उठायचं

आमच्या डब्यात एक नियम होता. डोंबिवलीला ज्यांना बसायला मिळालं त्यांनी घाटकोपर आलं की उठायचं आणि ठाण्यापासून उभ्या असलेल्यांना बसवायचं. नियम कुणी घातला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. २००९ साली मी ती गाडी धरायला लागले, त्याच्या कितीतरी आधीपासून तो चालत आला होता. पहिल्या दिवशी मी खिडकीशी डोळे मिटून बसून राहिले. समोर उभ्या असलेल्या एका बाईंनी खांद्याला हात लावला. "नवीन दिसतेस. घाटकोपर आलं, ऊठ बाळा." मी उठले. त्या बसल्या आणि काही न विचारता माझी पर्स त्यांनी आपल्या मांडीवर घेतली. पुढची अकरा वर्षं, घाटकोपर ते दादर, ती पर्स मला कधी धरावी लागली नाही.

नावं कळायला कित्येक महिने गेले. तोवर त्या शाळेतल्या बाई, कारण दादरच्या एका शाळेच्या ऑफिसात त्या काम करत. दुसरी सिस्टर, तिसरी बँकेतली, चौथी कोर्टातली. मी अकाउंटवाली. मेथीच्या दिवसांत जुडी कुणाचीही असो, ठाणे सुटेपर्यंत ती चार जणींच्या हातांनी निवडून व्हायची. कोर्टातल्या मुलीचं डोहाळजेवण आम्ही ठाणे ते दादर या अंतरात उरकलं, ओटीसकट, आणि ती फुलांचे दागिने अंगावर तसेच ठेवून ऑफिसला गेली. शेजारच्या पुरुषांच्या डब्यात भजनी मंडळ होतं. त्यांचे टाळ आमच्याकडे पत्र्यातून यायचे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दाराला झेंडूचं तोरण लागायचं.

दिव्यानंतर पारसिकचा बोगदा होता. १९१६ साली सुरू झालेला, साधारण सव्वा किलोमीटरचा. फास्ट गाडी त्यात शिरली की आवाज इतका घुमायचा की शेजारणीचंही ऐकू येत नसे. आम्ही वाक्य जिथं असेल तिथं सोडून द्यायचो. बाहेर उजेड आला की बँकेतली बरोबर त्याच शब्दापासून पुढं बोलायला लागायची.

त्या वर्षांत माझी नोकरी वाढत होती. सहायक म्हणून लागले होते, मग हाताखाली माणसं आली, मग एका विभागाची जबाबदारी. मार्चअखेर तर असतेच, पण १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला आणि पुढचं वर्षभर मार्चअखेर संपलीच नाही असं वाटायचं. रिटर्नची मुदत जवळ आली की रात्री दहाला घर. कॉलेजातल्या मैत्रिणींचे फोन यायचे तेव्हा मी म्हणायचे, जरा सवड मिळू दे, मग निवांत भेटू. हे मी अगदी मनापासून म्हणत असे. सवड मिळाली की मैत्री, छंद, गप्पा, बाल्कनीतला चहा हे सगळं आपोआप होईल, अशी माझी खात्री होती.

सवड मिळाली. २३ मार्च २०२०ला लोकल धावली नाही. ऑफिस घरात आलं. जाऊन-येऊन आणि स्टेशनपर्यंतची पायपीट धरून रोजचे जवळजवळ साडेतीन तास माझ्या हातात पडले. आजूबाजूला आजार आणि भीती होती. त्या दिवसांना सुट्टी म्हणवत नाही. पण पहिली लाट ओसरल्यावरही, पुढचं दीड वर्ष, ते साडेतीन तास माझेच होते. त्यातला एकही तास मी मैत्रिणींना दिला नाही. सकाळचा पाऊण तास ईमेलमध्ये गेला, संध्याकाळचा दीड तास 'आता घरीच आहात ना' म्हणून लावलेल्या मीटिंगमध्ये. उरलेला कुठं गेला ते सांगता येत नाही. डब्याचा व्हॉट्सॲप ग्रुप सुरुवातीला दिवसभर वाजायचा. मग सुप्रभात आणि फुलं, मग वाढदिवस, मग आठवडेच्या आठवडे काही नाही. सिस्टर तेवढी १५ जून २०२० पासून, अत्यावश्यक सेवेसाठी लोकल सुरू झाली तेव्हापासून, रिकाम्या डब्यातून जात होती. तिनं एकदा आमच्या बाकाचा फोटो टाकला. बाकावर कुणीच नव्हतं. मी तो फोटो पाहिला, अंगठा दाखवला आणि पुन्हा शीटकडे वळले. त्या अंगठ्याचं मला अजून वाईट वाटतं.

तेव्हापासून मी एकाच गोष्टीचा विचार करते आहे. धकाधकीच्या, घामाघूम अकरा वर्षांत माझ्याकडे पाच-सहा जिवाभावाच्या मैत्रिणी होत्या आणि वेळ हातात आल्यावर त्या निसटायला लागल्या. मग सवड ही मैत्रीची अट कशी?

जेफ्री हॉल हे अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातले संशोधक. त्यांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या गावात राहायला आलेली माणसं आणि कॉलेजात नव्यानं आलेली मुलं कुणाबरोबर किती तास घालवतात आणि त्यातून ओळखीची मैत्री कधी होते, हे त्यांनी पाहिलं. साधारण ५० तासांत ओळखीला मैत्रीचा वास येतो, ९० तासांच्या आसपास माणसं एकमेकांना मित्र म्हणतात आणि जवळच्या मैत्रीला २०० तासांहून अधिक लागतात. हे वाचल्यावर मी हिशेब मांडला, तो माझा धंदाच आहे. डोंबिवली ते व्हीटी सत्तर मिनिटं. फक्त सकाळची गाडी धरली तरी आठवड्याचे सहा तासांना थोडे कमी. दोनशे तास भरायला आठ महिने लागतात. मला शाळेतल्या बाईंचं नाव कळून त्यांच्या घरचं दुखणंखुपणं माहीत व्हायला तेवढेच लागले होते. ठाण्याला चढत असल्यामुळे त्यांचे तास कमी भरत, पण संध्याकाळी त्या आमच्याच गाडीला असायच्या.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. नुसतं एकत्र काम करण्यात गेलेले तास जवळिकीच्या खात्यात जवळजवळ जमा होत नाहीत. माझ्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी नऊ वर्षं बसत होती. आम्ही एकमेकींच्या चुका सावरल्या, एकमेकींच्या रजा सांभाळल्या. तिनं नोकरी सोडली त्या दिवशी मला कळलं की ती गाते. नऊ वर्षं! ऑफिसं वर्षातून एकदा सगळ्यांना कुठल्या तरी रिसॉर्टवर नेतात, खेळ खेळायला लावतात, त्यामागचा हेतू चांगलाच असतो. पण एका दिवसाच्या मजेतून जे येत नाही ते रोजच्या सत्तर मिनिटांतून येतं, कारण तिथं कुणाला कुणाकडून काही करून घ्यायचं नसतं.

ॲरिस्टॉटलनं मैत्रीवर लिहिताना मिठाची एक म्हण दिली आहे. माणसांनी एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय ती एकमेकांना ओळखू शकत नाहीत, असा तिचा आशय. आपल्याकडे मीठ खाल्लं की त्याला जागायचं असतं. त्यात देणारा आणि खाणारा वेगळे. त्या म्हणीतलं मीठ दोघांच्या पानात पडतं, आणि मीठ एका जेवणात किती जाणार? चिमूटभर. म्हणजे जेवणं पुष्कळ हवीत, आणि ती साधीच हवीत. मेजवानीत मीठ जास्त पडत नाही.

आजी चातुर्मासात नेम धरायची. कधी कांदा-लसूण नाही, कधी रोज एक अध्याय. त्यासाठी ती सवड काढत नसे. नेम होता म्हणून दिवस त्याच्याभोवती बसायचा. माझ्या गाडीचं तेच होतं. आज मैत्रिणींना भेटायचं की नाही, हा प्रश्न सकाळी कधी पडलाच नाही. पास काढलेला होता, मस्टर गाठायचं होतं, डबा ठरलेला होता. भेट ठरवावी लागली की तिला कामांच्या रांगेत उभं राहावं लागतं, आणि त्या रांगेत तिचा नंबर कधी लागत नाही, कारण मैत्रीण चिडत नाही, लेटमार्क लावत नाही, मुदत उलटली म्हणून दंड घेत नाही. जे सगळ्यांत समजून घेतं तेच सगळ्यांत मागं ढकललं जातं. माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणींबाबत मी हेच केलं.

घाईचाही एक भाग आहे. १९७३ साली डार्ली आणि बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांचा प्रिन्स्टनमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. धर्मोपदेशक व्हायला शिकणाऱ्या मुलांना एका इमारतीतून दुसरीकडे भाषण द्यायला पाठवलं. वाटेत दारात एक माणूस वाकून, कण्हत पडलेला, प्रयोगासाठीच बसवलेला. ज्यांना पुरेसा वेळ आहे असं सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के थांबले. उशीर झालाय, पळा, असं ज्यांना सांगितलं त्यांच्यातले फक्त १० टक्के. यातल्या निम्म्या मुलांच्या भाषणाचा विषयच बायबलमधल्या त्या परोपकारी वाटसरूची गोष्ट हा होता. ती मुलं वाईट नव्हती. त्यांना फक्त उशीर झाला होता.

मी हे वाचलं तेव्हा मला सिस्टरच्या फोटोला दाखवलेला अंगठा आठवला. आणि डबाही आठवला. प्लॅटफॉर्मवर आम्ही सगळ्या धावणाऱ्याच असायचो, धक्के मारून चढायचो. पण एकदा आत शिरलं की घाई करून उपयोग नसतो. गाडी मोटरमनच्या हातात आणि सिग्नलच्या मर्जीवर. मी कितीही महत्त्वाची मॅनेजर असले तरी कुर्ला लवकर येणार नाही. दिवसातली ती एकच जागा होती जिथं घाईला दाराबाहेर थांबावं लागत होतं. म्हणून समोरचीचे डोळे सुजलेले दिसायचे. म्हणून कुणाच्या हातातली बांगडी नवी आहे हे कळायचं, कळव्याच्या खाडीवर बगळे उतरलेले दिसायचे, आणि वाटाणे सोलताना एखादी शेंग आठ दाण्यांची निघाली तर ती सगळ्यांना दाखवावीशी वाटायची.

बायकांना तर ही जागा आणखी मोलाची. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं मुंबईतल्या बायका आणि सार्वजनिक जागा यांवरचं इंग्रजी पुस्तक २०११ साली आलं. बाईला घराबाहेर असण्यासाठी सतत काहीतरी कारण दाखवावं लागतं, हे त्यांनी त्यात नीट मांडलं आहे. पुरुषाला नाक्यावर, कट्ट्यावर, टपरीवर उगाच उभं राहता येतं. बाई उगाच उभी राहिली की चार नजरा विचारतात, कशाला? ५ मे १९९२ला चर्चगेट-बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल सुटली, ती सोयीसाठी आणि सुरक्षिततेसाठी. पण अशा गाड्यांनी आणि डब्यांनी न ठरवता आणखी एक काम केलं. कामाला जातेय हे कारण बाईच्या हातात होतंच. त्या कारणाच्या पदराआड तिला हसायला, रडायला, सासरची कागाळी करायला, गाणं म्हणायला मिळालं. घरी पोचल्यावर कुकर लावायचा असतो. डब्यात तिला कुणी काही मागत नाही.

यावरून कुणी गर्दीचं कौतुक करू लागलं तर मला राग येतो. ९ जून २०२५ला मुंब्र्याच्या वळणावर एकमेकींशेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारात लटकलेली माणसं रुळांवर पडली, काहींचा जीव गेला. ती रोजची माणसं होती. त्यांचेही ग्रुप असतील, त्यांच्याही पिशव्या कुणी मांडीवर घेत असेल. गर्दीनं आम्हाला मैत्री दिली नाही. रोज तीच वेळ, तोच डबा आणि सत्तर मिनिटं बसायला-टेकायला जागा, यांनी दिली. ही जागा शहरानं बागेत, वाचनालयात, कॅन्टीनमध्ये, सोसायटीच्या बाकावर का देऊ नये? आनंदासाठी जीव मुठीत धरावा लागू नये.

आता आमचं ऑफिस आठवड्यातून दोन दिवस असतं. परतले तेव्हा पारसिकचा बोगदाही आमच्या वाटेवर राहिला नव्हता. फेब्रुवारी २०२२मध्ये नवे रूळ झाले आणि फास्ट लोकल मुंब्र्यावरून जायला लागल्या, बोगदा लांबच्या गाड्यांना गेला. सिस्टरची पाळी बदलली आहे, कोर्टातली विरारला राहायला गेली. बँकेतलीनं आणि मी ठरवून टाकलं, मंगळवार. मीटिंग असो, रिटर्न असो, मंगळवारी तीच गाडी, तोच डबा. बॉसना मी सांगितलं, मंगळवारी सव्वानऊपर्यंत मला फोन लागणार नाही. ते बरं म्हणाले. इतक्या वर्षांत हे मी कधी विचारलंच नव्हतं.

शाळेतल्या बाई निवृत्त झाल्या. तरी मंगळवारी ठाण्याला त्या चढतात. हातात कापडी पिशवी. दादरला उतरून फूलबाजारातून फुलं घेतात आणि डाऊन गाडीनं बसून परत जातात. घरी त्या फुलं आणायला जाते असंच सांगतात. ठाण्यालाही फुलं मिळतात, हे त्यांच्या सुनेला माहीत असणारच.

ठाण्याला त्यांना पाहिलं की मी उठायला लागते. त्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवतात. "घाटकोपरला," म्हणतात. गुडघे दुखतात त्यांचे, पण ऐकत नाहीत. घाटकोपर येतं, मी उठते, त्या बसतात, माझी पर्स ओढून मांडीवर घेतात आणि बोलायला लागतात. गेल्या मंगळवारी धाकट्या भावाची गोष्ट चालली होती, तीस वर्षांपूर्वी त्यानं घर सोडलं ती. कुर्ला गेलं, शीव गेलं, माटुंगा गेलं. "आणि मग त्या दिवशी दुपारी दार वाजलं, मी उघडलं तर…" एवढं म्हणेपर्यंत दादर आलं. उतरणाऱ्यांची लाट उठली. बाईंनी पर्स माझ्या हातात दिली, पिशवी सावरली आणि प्लॅटफॉर्मवरून वळून मोठ्यानं म्हणाल्या, "पुढचं मंगळवारी!"