वेळीच मागे फिरणे

विमान चालवण्यास शिकणाऱ्याला सर्वांत कठीण काय वाटते? आकाशात झेपावणे नव्हे, तर जमिनीवर उतरणे. बारामती, गोंदिया किंवा उत्तर प्रदेशातील फुरसतगंज येथे तरुण मुलेमुली लहान विमाने घेऊन हाच धडा पुन्हा पुन्हा गिरवीत असतात.

बहुतेक शिकाऊ विमानांची मागची दोन चाके भक्कम असतात. ती आधी टेकली पाहिजेत. नाकाखालचे चाक त्या मानाने नाजूक असते. वेग अधिक राहिला तर विमान टेकताच उसळते. विद्यार्थी घाबरून नाक खाली दाबतो, पुढचे चाक आदळते आणि विमान अधिकच जोराने उसळते. अशा दोन-तीन उसळ्यांत ते चाक मोडते व प्रोपेलर जमिनीवर आपटतो.

यावर उपाय आहे. पहिल्याच उसळीनंतर इंजिनाला पूर्ण शक्ती द्यावी, पुन्हा वर चढावे व एक फेरी घेऊन नव्याने उतरावे. याला गो-अराउंड म्हणतात. हे प्रत्येकाला शिकवलेले असते. मग ऐन वेळी ते का सुचत नाही? धावपट्टी तर समोरच असते. खाली शिक्षक व सोबती पाहत असतात. व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या 200 तासांतील प्रत्येक तासाला मोठा पैसा पडतो. शिवाय मागे फिरणे म्हणजे हार, असे मनाने ठरवून टाकलेले असते.

पवित्र शास्त्राचे भाषांतर करताना एक शब्द मला नेहमी अडवतो. आपण ‘पश्चात्ताप’ म्हणतो. म्हणजे मागाहून होणारा ताप. तो चाक मोडल्यावरही होतो. परंतु इब्री भाषेतील ‘शूब’ या शब्दाचा अर्थ मागे फिरणे, परत येणे असा आहे. त्यात दुःखापेक्षा दिशेला अधिक महत्त्व आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायातील धाकटा पुत्र डुकरांजवळ बसून केवळ रडत राहिला नाही. तो उठून घराकडे निघाला.

आपलेही असेच होते. चुकीचा व्यवहार, कठोर शब्द, घरातील अबोला यांची पहिली उसळी आपल्याला कळते. तरीही लोक काय म्हणतील या भयाने आपण नाक खाली दाबतो. देव मोडलेल्यालाही जवळ घेतो, हे खरे. परंतु आपल्याबरोबर जे दुसरे मोडतात, त्यांचे काय?

आणि हा प्रश्न एकट्या चुकणाऱ्याचा नाही. फेरी घेऊन परतलेल्या विद्यार्थ्याला जो शिक्षक हसतो, तो त्याच्या पुढच्या अपघाताचा वाटेकरी होतो. आपल्या मंडळीत कोणी चूक कबूल करून मागे फिरला, तर आपण त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतो? वाचकहो, येत्या रविवारी प्रभुभोजनास जाण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर आपण आपल्या अंतःकरणात शोधावे.