मुक्या जिवाचे स्नान

दोन वर्षांमागे चवथीला पाहुणे यावयाचे होते, म्हणून आम्ही घरच्या कुत्र्याला सुगंधी शाम्पूने न्हाऊ घातले. शाम्पू माणसांचा होता. मुलांना चालतो तो यालाही चालेल, असा आमचा सरळ हिशेब. आरतीच्या वेळी तो अंगणात पोट घासत लोळू लागला, आणि स्वारी खुशीत आहे असे म्हणून आम्ही सारे हसलो. दुसऱ्या दिवशी काखांत व जांघांत लाल चट्टे दिसले.

मनुष्याची त्वचा किंचित आम्लधर्मी असते. कुत्र्याची तशी नसते, शिवाय ती पातळ असते. तिला आमची सुगंधी द्रव्ये सोसत नाहीत, आणि दाट केसांच्या बुडाशी फेस राहून गेला तर खास कुत्र्यांसाठी केलेला शाम्पूही दाह करू शकतो. अशा वेळी तो पदार्थ तत्काळ बंद करावा, कोमट साध्या पाण्याने अंग पुष्कळ वेळ धुवावे, चट्टे चाटू देऊ नयेत, माणसांचे मलम आपल्या मनाने लावू नये आणि दाह न शमल्यास पशुवैद्य गाठावा. 'नैसर्गिक' म्हणून विकले जाणारे टी-ट्री तेल तर कुत्र्यांना विषारी ठरते. (या विशेषणाचा आम्हांला जुनाच राग आहे, कुचल्याचे बीही नैसर्गिकच असते!)

प्राणी ज्याच्या ताब्यात, त्याच्यावर त्याच्या सुस्थितीची जबाबदारी 1960 च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याच्या 3 ऱ्या कलमाने टाकली आहे. आमचा हेतू शुद्ध होता, असा बचाव आम्हांला न्यायालयात करता आला असता. पण महाभारताच्या आदिपर्वात दुसरीच एक फिर्याद आहे. जनमेजयाच्या सत्रात आलेल्या सरमेच्या पिलाला राजाच्या भावांनी मारले. पिलाने हवी चाटला नव्हता, त्याकडे पाहिलेही नव्हते. सरमेने यज्ञमंडपात येऊन त्याचा अपराध विचारला, तेव्हा कोणालाही उत्तर देता आले नाही.

आमच्या कुत्र्याचा तरी अपराध कोणता? त्याच्या अंगाचा वास त्याला कधीच खुपला नव्हता. आमच्याहून कितीतरी तीक्ष्ण अशा त्याच्या नाकाला खुपला असेल तो आमचा गुलाब. स्वच्छतेचे नाव त्याचे, सोय आमची. मारणाऱ्या भावांना निदान आपण मारतो आहोत हे ठाऊक होते.

गेल्या चवथीला त्याचे अंग ओल्या फडक्याने पुसले, एवढेच. एका पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावला. आम्ही त्यांची खुर्ची माटोळीपाशी, फुलांजवळ सरकवली.