मुद्रा कोणाची, दोष कोणाचा?

जे पाप आपल्या हातून घडले नाही, परंतु ज्याचे फळ आपल्या पदरी पडले, त्याचा दोष आपणांस लागतो काय? पहिले राजे, अध्याय 21 यात याचे उत्तर आहे.

ख्रिस्तपूर्व नवव्या शतकात इस्राएलावर राज्य करणाऱ्या अहाबास इज्रेल येथील राजवाड्यालगतचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीपाल्याकरिता हवा होता. नाबोथाने वडिलोपार्जित वतन देण्याचे नाकारिले. अहाबाने त्याजवर हात उचलला नाही. तो केवळ रुसून अंथरुणावर पडला. पत्रे ईजबेलीने लिहिली, खोटी साक्ष दोघा अधमांनी दिली, धोंडमार नगरवासीयांनी केली. परंतु पत्रांवर मुद्रा अहाबाची होती, व मळ्याचा ताबा घेण्यास तोच गेला. म्हणून एलीया संदेष्ट्याने खुनाचा जाब त्यालाच विचारला.

इज्रेलच्या वडिलांची गोष्ट आमच्या मनास अधिक टोचते. नाबोथ त्यांच्याच नगरचा. तरी एकानेही नकार दिल्याचे लिहिलेले नाही.

मंडळीतील वडीलहो व उपदेशक बंधूंनो, गावात एखाद्या विधवेच्या बांधाचा तंटा निघतो, तेव्हा आपली सही, आपला अंगठा किंवा आपले मौन कोणाच्या कामी येते? कागद दुसऱ्याने लिहिला, एवढ्याने आपण सुटत नाही.

अहाबाने गोणपाट नेसून उपास केला, तेव्हा देवाने अरिष्ट पुढे ढकलले. एवढी त्याची दया थोर आहे. तथापि अहाबाने मळा परत केल्याचे आपण वाचीत नाही. जक्कयाने मात्र चौपट परत देण्याचे कबूल केले, आणि त्याच दिवशी त्याच्या घरी तारण आले.